पुस्तकाविषयी तुमचे मत काय?

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त सातिवली येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात संस्थेच्या एका शिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेले भाषण)





१५ ऑक्टोबर हा माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. या दिवशी 'वाचा, वाचा' असा उपदेश तुम्ही पुष्कळ ऐकता. आपल्या दीनमध्ये तर पहिल्या वहीतला पहिलाच आदेश वाचण्याचा आहे. तेव्हा वाचनाचे महत्त्व या सभेला मी वेगळे पटवून देण्याची गरज नाही. मला आज बोलायचे आहे ते वाचून झाल्यानंतरच्या गोष्टीविषयी. पुस्तक मिटले. आता त्याविषयी तुमचे मत काय? आणि ते मत कशावरून झाले?

वर्गात हा प्रश्न मी नेहमी विचारतो. पहिले उत्तर येते, "छान आहे, सर." का छान आहे? थोडा वेळ शांतता. मग दुसरे उत्तर येते, "यातून बोध मिळतो." भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचला तरी बोध मिळतो, ग्रहताऱ्यांचे पुस्तक वाचले तरी बोध मिळतो, विनोदी गोष्टी वाचल्या तरी बोधच मिळतो. मुले खोटे बोलत नाहीत. सरांना कोणते उत्तर आवडेल याचा ती अंदाज घेत असतात. आपण मोठ्यांनी त्यांना तशीच सवय लावली आहे. पुस्तकाच्या शेवटी तात्पर्य असते आणि ते पाठ करायचे असते, एवढेच आपण त्यांना शिकवले.

घरी काय होते? मुलाच्या हातात कादंबरी दिसली की पहिला प्रश्न येतो, "हे परीक्षेला आहे का?" वालीव, गोखिवरे, सातिवली या पट्ट्यात कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये दहा-बारा तास उभे राहून काम करणारा बाप हा प्रश्न विचारतो, तेव्हा त्यात दुष्टपणा नसतो. आपल्या वाट्याला आलेले कष्ट मुलाच्या वाट्याला येऊ नयेत, एवढीच त्याची तळमळ असते. त्या तळमळीविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु परीक्षेची पुस्तके तेवढी कामाची आणि बाकीची रिकामपणाची, ही वाटणी मुलाच्या फायद्याची नाही.

कलामसाहेबांचेच उदाहरण घ्या. आपल्याला प्रिय असलेल्या पुस्तकांत ते तीन नावे नेहमी सांगत. एक, तमिळ भाषेतील प्राचीन 'तिरुक्कुरळ'. दुसरे, अनेक विचारवंतांची वचने एकत्र केलेले 'लाइट फ्रॉम मेनी लॅम्प्स', जे त्यांनी १९५३ साली मद्रासच्या मूर मार्केटमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतले होते. तिसरे, ॲलेक्सिस कॅरेल या वैद्यकशास्त्रज्ञाने लिहिलेले 'मॅन, द अननोन'. एक काव्य, एक संकलन, एक शास्त्रज्ञाचे चिंतन. अग्निबाण तयार करणाऱ्या माणसाची ही यादी आहे. या तीनपैकी एकही पुस्तक अग्निबाणाच्या परीक्षेला नव्हते.

आता थोडे मागे, बगदादला जाऊ. इ. स. ९८७ च्या सुमारास तेथे इब्न अल-नदीम नावाचे एक गृहस्थ होते. पुस्तके नकलून घेणे आणि विकणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांनी आपल्या काळात अरबीत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची एक मोठी यादी केली आणि तिला नाव दिले 'अल-फिहरिस्त'. उर्दू बोलणाऱ्या घरांतून 'फेहरिस्त' हा शब्द आजही चालतो, तोच हा. या ग्रंथाची दहा प्रकरणे आहेत. त्यांत धर्मग्रंथ आहेत, व्याकरण आहे, इतिहास आहे, काव्य आहे, कायदा आहे, तत्त्वज्ञान, गणित आणि वैद्यक आहे, शिवाय गोष्टी, दंतकथा आणि जादूटोण्याचीही पुस्तके आहेत. गोष्टीच्या पुस्तकाला त्यांनी हलके समजून वगळले नाही, आणि ज्यांच्याशी आपला धर्म जुळत नाही त्यांचीही पुस्तके गाळली नाहीत.

त्यातील एक नोंद मला फार आवडते. ज्या कथांना आपण 'अरेबियन नाइट्स' म्हणतो, त्यांच्या मूळ संग्रहाविषयी ते लिहितात. पुस्तक आपण अनेकदा संपूर्ण पाहिले आहे असे सांगून ते मत देतात की, ते आपल्याला निरस वाटले. केवढे स्पष्ट मत! पण क्रम ध्यानात घ्या. आधी पुस्तक पाहिल्याचे सांगितले, मग मत दिले. आणि मत प्रतिकूल असूनही पुस्तकाची नोंद यादीत ठेवली. पुढे जगाने त्यांचे मत मानले नाही. त्या कथा देशोदेशी गेल्या. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने त्या मराठीत आणावयास घेतल्या. १९७० च्या दशकात गौरी देशपांडे यांनी त्यांचा सोळा खंडांत मराठी अनुवाद केला. म्हणजे बगदादच्या पुस्तकविक्याला जे आवडले नाही, ते मराठी वाचकाने डोक्यावर घेतले. यात चूक कोणाचीच नाही. 'मला आवडले नाही' हे एक वाक्य आहे आणि 'पुस्तक वाईट आहे' हे दुसरे वाक्य आहे. विद्यार्थी मित्रांनो, ही दोन वाक्ये आयुष्यभर वेगळी ठेवा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पुस्तके अनेक प्रकारची असतात आणि प्रत्येक प्रकाराला विचारावयाचा प्रश्न वेगळा असतो. चुकीच्या पुस्तकाला चुकीचा प्रश्न विचारला की मत चुकते. तागडीने कापड मोजता येत नाही आणि गजाने साखर मोजता येत नाही, तसेच हे आहे.

गोष्ट किंवा कादंबरी वाचताना 'हे खरेच घडले का?' हा प्रश्न कामाचा नाही. तेथे विचारावे, 'ही माणसे खरी वाटतात का? या प्रसंगी माणूस असा वागेल का?' बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि काळापहाड यांच्यावर कारकून, गिरणी कामगार, विद्यार्थी अशा सर्वांनी प्रेम केले. विद्वानांनी नाके मुरडली असतील, पण कितीतरी माणसांना सलग दोनशे पाने वाचण्याची सवय अशा पुस्तकांनी लावली. रहस्यकथेला विचारावयाचा प्रश्न साधा आहे. खुणा लेखकाने वाचकासमोर ठेवल्या होत्या का, की शेवटी फसवले?

आत्मचरित्राला विचारावे, 'हे कोण सांगत आहे, कोणत्या जागेवरून सांगत आहे?' कारण एकाच वाड्यातल्या दोन भावांची आत्मचरित्रे सारखी नसतात.

इतिहासाच्या पुस्तकाला विचारावे, 'पुरावा काय?' आपण तर पुराव्यांच्या शेजारी राहतो. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथील स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी खणून काढला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तेथे मिळाले. अरब भूगोलकारांनी या बंदराचा उल्लेख 'सुबारा' असा केला आहे. म्हणजे दगड बोलतो, आणि दूरदेशचा प्रवासीही बोलतो. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतला, हे मराठी पत्रांतूनही कळते आणि पोर्तुगीज कागदांतूनही. जिंकणारा आणि हरणारा दोघेही एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावयास आधार मिळतो. जे पुस्तक नुसताच त्वेष देते आणि पुरावा देत नाही, ते कोणत्याही बाजूचे असो, त्याला इतिहास म्हणू नका.

विज्ञानाच्या पुस्तकाला विचारावे, 'हे कोणत्या वर्षीचे?' सहावीतल्या एका मुलाने मत लिहिले की, ग्रंथालयातले अमुक पुस्तक खोटे आहे, कारण त्यात नऊ ग्रह आहेत आणि पाठ्यपुस्तकात आठ आहेत. आम्ही वर्गात ते पुस्तक उघडून छापल्याचे वर्ष पाहिले. पुस्तक जुने होते. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटोला बटुग्रहांत टाकले. मुलाने आपले वाक्य खोडले आणि नवे लिहिले, "पुस्तक खोटे नाही, जुने आहे." त्या खोडलेल्या वाक्यासकट मी ती वही जपून ठेवली आहे.

कवितेचे काय? कविता मोठ्याने वाचावी. मुशायऱ्यात बसलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. शेर कानावर पडताच 'वाह' निघते, 'मुकर्रर' म्हणून पुन्हा म्हणावयास लावतात. वाचकाचे मत म्हणतात ते हेच, आणि ते तिथल्या तिथे दिले जाते. आपल्या घरांत ही दाद देण्याची परंपरा आहे. मराठी कवितेलाही ती द्या.

पाककृतीच्या पुस्तकाची कसोटी कढईत होते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले आणि घरोघरी पोहोचले. आठवीतल्या एका मुलीने ते घरी नेले. आईला मराठी वाचता येत नाही. मुलीने वाचून दाखवले, आईने भरली वांगी केली आणि मत दिले, "पुस्तक चांगलं आहे, पण यात चार माणसं धरली आहेत, आपण सात आहोत." मुलीने ते जसेच्या तसे वहीत लिहिले. त्या वर्षी आलेल्या अभिप्रायांत मला हा सर्वांत उत्तम वाटला. पुस्तक वापरून पाहिले, ते कोणासाठी लिहिले आहे हे ओळखले आणि आपल्या घराशी ताडून पाहिले. माताभगिनींनो, वाचता येत नाही म्हणून आपल्याला मत नाही, असे कृपा करून समजू नका.

धर्मग्रंथांविषयी बोलताना अदब हवी, मग ते आपले असोत वा शेजाऱ्यांचे. त्यातील न समजलेली गोष्ट जाणकारांना विचारावी. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणले आणि त्यांच्या 'सुबोध बायबल - नवा करार' या ग्रंथाला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याही आधी, १९९० साली, पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषविले. मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घालवले. दुसऱ्याची पुस्तके आदराने वाचल्यामुळे कोणाचा धर्म लहान होत नाही, हे या दोघांकडे पाहून कळते.

मत देताना आणखी एक पथ्य आहे. लेखकाविषयीचे मत आणि पुस्तकाविषयीचे मत एकमेकांत मिसळू देऊ नये. डॉ. जयंत नारळीकर हे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. आपले नाव पाहून परीक्षकांचे मत झुकू नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले, ते कथेच्या बळावर मिळाले.

याची दुसरी बाजूही आहे. हमीद दलवाई यांच्या सामाजिक विचारांविषयी आपल्या समाजात तीव्र मतभेद होते आणि आहेत. ते असू द्यावेत. पण १९६५ साली आलेली त्यांची 'इंधन' ही कादंबरी म्हणजे त्यांचे भाषण नव्हे. कोकणातले एक गाव, तिथले मुसलमान, त्यांचे हिंदू आणि बौद्ध शेजारी, त्यांच्यातला जिव्हाळा आणि ताण यांची ती गोष्ट आहे. ती वाचून कोणी म्हणेल, 'हे चित्रण मला पटत नाही.' जरूर म्हणावे, आणि कोठे पटत नाही ते पान दाखवावे. न वाचता म्हटले तर मात्र ते पुस्तकाविषयीचे मत राहत नाही. हाच नियम आपल्या आवडत्या लेखकालाही लावावा.

वाचकांच्या मताने काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्या भाषेतच आहे. १९७४ च्या डिसेंबरात मुंबईत 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ सुरू झाली. पुस्तके वाचकांपर्यंत नेणे आणि वाचकांना बोलते करणे हा तिचा उद्देश. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' ग्रंथालीने प्रसिद्ध केले. त्या पुस्तकांवर लोक बोलले, भांडले, रडले. ज्यांचे जगणे तोवर पुस्तकात आले नव्हते, त्यांचे जगणे आले. आपल्यापैकी अनेकांचे जगणे अजून पुस्तकात आलेले नाही. ते उद्या कोण लिहील? आज जो विद्यार्थी 'या पुस्तकात आमच्यासारखी माणसे का नाहीत?' असे अभिप्रायाच्या वहीत विचारतो, तोच लिहील.

पालक विचारतील, मास्तर, हे सर्व ठीक, पण याचा उपयोग काय? उपयोग सांगतो, आणि जरा गंभीरपणे सांगतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. तेथेही चोर आल्याची अफवा होती. त्या जमावांत बापही असतील, मुलगेही असतील. 'हे कोणी सांगितले? त्याला कसे माहीत? पुरावा काय?' हे तीन प्रश्न वेळेवर कोणी ठामपणे विचारले असते आणि चार जणांनी ऐकले असते, तर काय झाले असते याचा विचार करा.

आपल्या परंपरेत हे प्रश्न नवीन नाहीत. बातमी आली तर आधी खातरजमा करावी, ही शिकवण सूरह अल-हुजुरातमध्ये आहे. हदीसच्या विद्वानांनी तर याचे शास्त्रच उभारले. अमुक वचन कोणी कोणाकडून ऐकले, ती साखळी म्हणजे इस्नाद. साखळीतला प्रत्येक माणूस कसा होता, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का, हे तपासण्यासाठी 'अस्माउर्रिजाल' ही स्वतंत्र विद्या निर्माण झाली. इमाम बुखारींसारख्या माणसांनी त्यासाठी आयुष्ये वेचली. त्यांचे वारस म्हणवणाऱ्या आपण मोबाईलवर आलेला मजकूर, पाठवणाऱ्याचे नावही न पाहता, पुढे ढकलावा काय? पुस्तकाला योग्य प्रश्न विचारण्याची सवय लागलेल्या मुलाचा अंगठा असा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी थबकेल, अशी माझी आशा आहे. अभिप्रायाची वही मी त्यासाठी चालवतो.

ही वही कशी ठेवायची ते थोडक्यात सांगतो. पुस्तक वाचून झाले की चार ओळी लिहायच्या. पहिली ओळ, पुस्तक कोणत्या प्रकारचे आहे. दुसरी, ते कशाविषयी आहे. तिसरी, काय पटले किंवा काय पटले नाही, आणि ते कोणत्या पानावर. चौथी, हे पुस्तक मी कोणाला वाचायला देईन. 'बोध मिळतो' हे वाक्य वहीत चालणार नाही. 'सरांना आवडले' हेही नाही. भाषा कोणतीही चालेल. घरी कोणी कोकणी बोलतात, कोणी उर्दू, कोणी भोजपुरी. मत ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत आधी लिहा, मराठीत आपण मिळून आणू.

चौथ्या ओळीला मी सर्वांत जास्त गुण देतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यातले दोन. मुलगा लिहितो, "हे पुस्तक मला कंटाळवाणे वाटले, पण माझ्या मामांना आवडेल, ते गॅरेजमध्ये इंजिने उघडतात." हा मुलगा स्वतःपलीकडे पाहू लागला, असे मी समजतो.

पालकांना माझी विनंती एवढीच. आठवड्यातून एकदा, जेवणे झाल्यावर, मुलाला किंवा मुलीला विचारा, "काय वाचलंस? तुझं मत काय?" मत तुमच्यापेक्षा वेगळे निघाले तर रागावू नका. 'कशावरून?' असे विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. विशेषतः मुलींना विचारा. दहावीनंतर अनेक मुलींच्या हातचे पुस्तक सुटते, आणि त्यांचे मत विचारणेही त्याच दिवशी थांबते. शिक्षण पुढे चालू राहो वा न राहो, मत विचारणे थांबवू नका.

ग्रंथालयाच्या दाराशी टेबलावर अभिप्रायाची नवी वही आजपासून ठेवली आहे. पहिले पान कोरे आहे. ते विद्यार्थ्याने भरावे असा नियम नाही. आज येथे आलेल्या पालकांपैकी कोणी भरले, आणि लिहिता येत नसेल त्यांनी मुलाकडून लिहवून घेतले, तर मला अधिक आनंद होईल.